मद्यधुंद चालकांसाठीच्या समुपदेशनाचे मूल्यमापन : नव्याने या कामात शिरणाऱ्यांसाठी

मोटार वाहन कायद्याचे पिऊन गाडी चालवण्याविषयीचे कलम १८५ आणि शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्यार्काची मर्यादा तुम्हाला ठाऊक आहे, असे धरून चालतो. समुपदेशनामुळे पकडला गेलेला चालक पुन्हा पिऊन गाडी चालवायचा थांबतो का, हे गोव्यात मोजायला बसलात की पहिला फास हजेरीवहीत असतो.

मला मिळालेल्या वहीत सगळी सत्रे पूर्ण करून प्रमाणपत्र नेलेल्यांचीच नावे होती. मध्येच गळालेल्यांचा पत्ता नव्हता. पूर्ण करणारे आणि सोडून जाणारे यांची तुलना केली की आकडे डोळे दिपवतात, परंतु ते फसवे असतात. ज्याची नोकरी लायसन्सवर अवलंबून आहे, घरचे ज्याच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात आणि ज्याला मुळात फारसे व्यसनच नाही, तोच शेवटच्या सत्रापर्यंत येतो, आणि तो समुपदेशनावाचूनही बहुधा पुन्हा सापडला नसता. सकाळी घोट घेतल्याशिवाय ज्याचे हात थरथरतात, तो दुसऱ्या सत्रालाच दिसेनासा होतो. म्हणून समुपदेशनाला पाठवलेले प्रत्येक नाव, एकदाही न फिरकलेले धरून, समुपदेशनाच्याच गटात मोजावे आणि तुलनेला न पाठवलेले तसेच गुन्हेगार घ्यावेत. न्यायालयीन नोंदींवरून मूळ यादी उभी करणे कंटाळवाणे आहे. "आहे त्यावर उरका" म्हणणाऱ्या मार्गदर्शकाचे मात्र मुळीच ऐकू नये.

शिवाय पुन्हा न सापडणे म्हणजे पुन्हा न पिणे नव्हे. नाताळात नाकाबंदी वाढली की श्वासातले मद्य मोजणाऱ्या अल्कोमीटरमध्ये फुंकणारेही वाढतात, म्हणून दोन्ही गटांचा पाठपुरावा त्याच महिन्यांत करावा. कळंगुटला भाड्याच्या दुचाकीवर पकडलेला पर्यटक पुढे बेळगावात पिऊन गाडी चालवू लागला, तर इथल्या ठाण्याच्या वहीत तो दिसणार नाही. नावावरूनही जुळवणी करू नये. फर्नांडिस आणि नाईक इतके आहेत की लायसन्स क्रमांकाला पर्याय नाही.

परिणाम लहान आला तर खचू नका. १९९५ साली २१५ मूल्यमापनांच्या एकत्रित विश्लेषणातही उपचार-शिक्षणाने पुनरावृत्ती ७ ते ९ टक्क्यांनीच घटलेली आढळली होती. गोव्यातली प्राथमिक आरोग्य केंद्रे या कामाला नवखी नाहीत : हानिकारक मद्यपान करणाऱ्या पुरुषांचे यादृच्छिक गट पाडून ‘संगात’ या गोव्यातल्या स्वयंसेवी संस्थेने तिथे समुपदेशन तपासले, आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तीन महिन्यांनी सुधारलेल्यांचे प्रमाण ३६ टक्के, तर नेहमीच्या उपचारगटात २६ टक्के होते. ते चालक म्हणून निवडलेले नव्हते, तरी पद्धत उचलण्याजोगी आहे. नोंदी पाहण्याच्या परवानगीचा अर्ज मात्र सगळ्यात आधी टाका, कारण उत्तर यायला फार वेळ लागतो.