हिवाळ्यात थर्मोस्टॅट कितीवर ठेवायचा? या चुका टाळा

नोव्हेंबर लागला की आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी घरांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो: तुमच्याकडे हीट कितीवर असते? कुणी ६५ सांगतं, कुणी ७६. पुण्याहून आलो तेव्हा आम्हीही पहिला हिवाळा ७६ वर काढला. थंडी म्हणजे शाल, स्वेटर, गोधडी आणि आंघोळीला कडकडीत पाणी, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. अख्खं घर तापवायचं असतं हेच नवीन होतं. जानेवारीचं गॅसचं बिल आलं आणि त्या महिन्यात भारतात पाठवायचे पैसे कमी पडले. तेव्हापासून हा विषय मी नीट समजून घेतला.

थर्मोस्टॅट म्हणजे घर किती तापवायचं ते ठरवणारं भिंतीवरचं यंत्र. त्यावर सुरुवात ६८ अंश फॅरनहाइटपासून करा, म्हणजे आपल्या ओळखीचे २० अंश सेल्सिअस. घरात माणसं जागी असताना एवढं ठेवावं, असं अमेरिकेचं ऊर्जा खातंही सांगतं. दोन-तीन दिवस राहून बघा. थंडी वाजली तर एकच अंश वाढवा आणि पुन्हा दोन दिवस थांबा. एकदम चार अंश वाढवले, तर आपल्याला नेमके किती लागत होते ते कधीच कळत नाही.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे बाहेरून गारठून आल्यावर थर्मोस्टॅट थेट ८० वर नेणं. घर लवकर तापेल असं वाटतं, पण थर्मोस्टॅट हा गॅसच्या शेगडीचा खटका नव्हे. मोठा आकडा म्हणजे मोठी ज्योत, असं इथे नसतं. साधी फर्नेस, म्हणजे घर तापवणारी गॅसची भट्टी, एकतर चालू असते किंवा बंद. ७० सांगा की ८०, ती तेवढ्याच जोराने चालते, फक्त ८० ला थांबते उशिरा. मधल्या वेळात आपण दुसऱ्या कामाला लागतो आणि तासाभराने घर भट्टीसारखं झालेलं असतं.

दुसरा समज जरा हट्टी आहे: 'रात्री कमी केलं तर सकाळी पुन्हा तापवायला जास्त गॅस जातो, त्यापेक्षा राहू दे तसंच.' हे खरं नाही. घरातली उष्णता किती वेगाने बाहेर जाते, ते आतल्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. आत ६० असेल तर ती ७० पेक्षा सावकाश जाते. घर जितका वेळ थंड राहिलं तेवढी बचत झालेलीच असते, आणि सकाळी तापवण्याचा खर्च त्याहून कमी असतो. दिवसातले आठ तास सात ते दहा अंश खाली ठेवलं तर वर्षाच्या खर्चात १० टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो, असा ऊर्जा खात्याचा अंदाज आहे. झोपेच्या वेळेला आणि ऑफिसच्या तासांना हे सहज जमतं. आठवणीवर विसंबू नका, वेळापत्रक लावून टाका.

पण आधी घरात काय बसवलंय ते बघा

वरचं सगळं गॅसच्या फर्नेसला लागू आहे. हीट पंप असेल तर हिशेब बदलतो. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढून आणतो, म्हणून एक युनिट विजेत दोन-तीन युनिट उष्णता मिळते. रात्री आठ अंश उतरवून सकाळी एकदम चढवलं, की एकट्या पंपाला ते झेपत नाही आणि मदतीला विजेची कॉइल सुरू होते. स्क्रीनवर 'ऑक्स हीट' दिसतं ते हेच. ही कॉइल एका युनिटला एकच युनिट देते. म्हणून हीट पंपाच्या घरात तापमान एकसारखं ठेवावं, फार तर दोन-तीन अंश उतरवावं. आणि 'इमर्जन्सी हीट' हे बटण कडाक्याच्या थंडीसाठी असतं असं समजून कृपया दाबू नका. त्याने पंप बंद होतो आणि घर निव्वळ कॉइलवर तापतं. पंप बिघडला तरच ते वापरायचं.

आकडा बरोबर, तरी थंडी वाजते?

याचं कारण बहुतेक वेळा थर्मोस्टॅटमध्ये नसतं. आधी फॅनचं बटण 'ऑटो'वर आहे का ते बघा. 'ऑन'वर असेल तर बर्नर बंद असतानाही पंखा फिरतो आणि अंगावर कोमट वारा येत राहतो. मग फर्नेसचा हवेचा फिल्टर काढून उजेडासमोर धरा. पलीकडचं दिसत नसेल तर बदला. सोफ्याखाली किंवा गालिच्याखाली झाकलेलं व्हेंट, म्हणजे गरम हवा येण्याची जाळी, मोकळं करा. थर्मोस्टॅटवर ऊन पडतं का, जवळ दिवा आहे का, तेही पाहा. तसं असेल तर तो घराचं नव्हे, त्या कोपऱ्याचं तापमान मोजतोय.

खिडकीशी बसलात तर हवा ७० असूनही हुडहुडी भरते, कारण गार काच अंगातली ऊब ओढून घेते. दक्षिणेकडचे पडदे दिवसा उघडा, अंधार पडताच सगळे ओढा. दाराखालची फट बुजवा. पायात मोजे आणि घरातल्या चपला हव्यातच. हवा कोरडी असेल तरीही गारवा जास्त जाणवतो, ओठ फुटतात. ह्युमिडिफायर लावून आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांत ठेवा. काचेवर पाणी साचू लागलं तर कमी करा.

आपल्या स्वयंपाकघरातली एक गोष्ट. फोडणीच्या वेळी चिमणी लागतेच, पण जेवणं उरकेपर्यंत ती चालू राहिली तर तापवलेली हवा बाहेर जात राहते. स्वयंपाक झाल्यावर थोड्या वेळाने आठवणीने बंद करा. आणि इडलीचं पीठ फुगावं म्हणून घराची हीट वाढवू नका. पातेलं बंद ओव्हनमध्ये ठेवून नुसता आतला दिवा लावा, सकाळपर्यंत पीठ वर येतं.

काटकसर कुठे करू नये

आई-बाबा भारतातून आले असतील तर ६८ च्या खाली जाऊ नका, ७० ठेवा. वय झालेल्या माणसाचं शरीर ६० ते ६५ अंशांच्या घरातही धोक्याइतकं गार पडू शकतं, आणि ते स्वतः 'मला थंडी वाजत नाही' म्हणत राहतात. पैशांचा विचार करून गप्प बसतात, हे मी घरी पाहिलंय. त्यांच्या खोलीत छोटा हीटर लावलात तर तो थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा, एक्स्टेन्शनवर नाही, आणि पांघरुणापासून तीन फूट लांब ठेवा. गॅसचा ओव्हन उघडा ठेवून घर तापवणं जिवावर बेतू शकतं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

न्यू यॉर्क शहरात भाड्याने राहत असाल तर कायदा तुमच्या बाजूने आहे. १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात सकाळी ६ ते रात्री १० बाहेर ५५ च्या खाली असेल, तर घरात किमान ६८ अंश, आणि रात्री १० ते सकाळी ६ बाहेर कितीही असलं तरी किमान ६२ अंश देणं घरमालकाला बंधनकारक आहे. साधा थर्मामीटर आणा, वेळेसह आकडे लिहून ठेवा आणि ३११ या शहराच्या तक्रार क्रमांकावर फोन करा.

आणि डिसेंबरात तीन आठवडे भारतात जाताना हीट पूर्ण बंद करून जाऊ नका. भिंतीतले पाइप गोठून फुटतात. किमान ५५ वर ठेवा, बाहेरच्या भिंतीलगतच्या सिंकखालची कपाटं उघडी ठेवा आणि पाण्याचा मुख्य नळ बंद करून घरातले नळ उघडून पाइप रिकामे करा. घर रेडिएटरच्या गरम पाण्यावर तापत असेल तर मुख्य नळाला हात लावण्याआधी प्लंबरला विचारा. थर्मोस्टॅट बॅटरीवर चालत असेल तर निघण्याआधी नवीन सेल घाला आणि एक किल्ली शेजाऱ्यांकडे द्या.