सलाईनचा सेट नक्की कधी बदलायचा

वॉर्डात नवीन आलेलं कुणीही पहिल्या आठवड्यात हा प्रश्न विचारतंच आणि त्यांना उत्तरात एक आकडा हवा असतो. तसा एकच आकडा नाहीये. नळीतून काय चाललंय आणि ती नळी दिवसातून किती वेळा सुटते-जोडली जाते, यावर सगळं ठरतं.

साधं प्रकरण आधी. एनएस (नॉर्मल सलाइन), आरएल (रिंगर लॅक्टेट), डेक्स्ट्रोज असलं काही सलग चालू आहे, मध्ये कुठे सेट (बॅगेपासून पेशंटपर्यंतची नळी) काढलेला नाही, तर ९६ तासांच्या आत तो रुटीन म्हणून बदलायचा नाही आणि ७ दिवसांच्या पुढे न्यायचा नाही. अमेरिकेच्या सीडीसीच्या (तिथली रोगनियंत्रण संस्था) २०११ च्या गाइडलाइनमध्ये हेच आहे, या मधल्या काळात नेमकं कधी ते तुमच्या वॉर्डाची पॉलिसी सांगेल. रोज बदलला की जास्त स्वच्छ असं मलाही सुरुवातीला वाटायचं, पण दर वेळी हब (नळी जोडायचं तोंड) उघडलं की जंतूंना आत यायला वाट मिळते, त्यामुळे उगाच बदलण्यात काही पुण्य नाही. बदलायची वेळ आली की मात्र थ्री-वे (तीन तोंडांचा जोड), एक्स्टेंशन, पिगीबॅकची (मुख्य नळीला जोडलेली) सेकंडरी नळी सगळं एकदम बदला, वरची नळी कोरी आणि खाली वाळलेलं रक्त लागलेला जुना थ्री-वे, हे मी कितीदा पाहिलंय.

अँटिबायोटिकसाठी लावायचा, संपलं की काढायचा, परत आठ तासांनी लावायचा, असा सेट असेल तर २४ तासच. काढल्यावर टोकाला दर वेळी नवीन स्टराइल कॅप. ते टोक त्याच नळीच्या वाय-पोर्टात (नळीवरच्या फाट्यात) खोचून ठेवायची सवय बऱ्याच जणांना असते ती सोडा, आणि टोक उघडं लोंबकळताना दिसलं तर सेट दहा मिनिटांपूर्वी काढलेला असला तरी टाकून द्या.

आता फॅटवाली औषधं, इथे खरं जपायचं. प्रोपोफॉल (भुलीचं औषध) ते दुधासारखं पांढरं असतं ना, त्यात सोयाबीनचं तेल असतं आणि जंतू त्यात झपाट्याने वाढतात, म्हणून त्याची नळी ६ ते १२ तासांत, आणि वायल बदलली की वायलसोबतच. लिपिड किंवा फॅट मिसळलेलं टीपीएन (शिरेतून दिलं जाणारं पोषण) असेल तर २४ तासांच्या आत, नवीन बॅग लावताना नवीन सेट. रक्तासाठी सीडीसीची मर्यादा २४ तासांची आहे, पण एक युनिट संपलं की किंवा ४ तास झाले की फिल्टरसकट सेट काढणं हे जास्त कडक आणि माझ्या मते बरोबर, कारण फिल्टरमध्ये गुठळ्या अडकत जातात आणि रक्त तिथे रूम टेम्परेचरला पडून राहतं. रक्ताचा सेट भरायला एनएसच घ्या, डेक्स्ट्रोजने लाल पेशी फुटतात. आर्टेरियल लाइनचा (धमनीत टाकलेली नळी) ट्रान्सड्युसर (बीपी मोजणारा सेन्सर), त्याची नळी आणि फ्लश ९६ तासांनी.

तास न मोजता ताबडतोब बदलायचा कधी, तर नळीत रक्त उलटं येऊन गोठलंय, जोड गळतोय, टोक जमिनीला लागलं, किंवा आत पांढरे कण दिसतायत. सेफ्ट्रायाक्झोन आणि आरएल एका नळीत गेलं की कॅल्शियममुळे असे कण होतात, ते फ्लश मारून पुढे ढकलू नका, नळी लगेच बंद करून डॉक्टरांना सांगा. कॅन्युला (हाताच्या शिरेतली छोटी नळी) किंवा सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) नवीन टाकली की सेटही नवीनच.

लेबल! एकदा नाइटला हँडओव्हर घेताना चेंबरखाली (जिथे थेंब पडतात) पट्टी होती, त्यावर नुसतं १२ लिहिलेलं. बारा तारीख की बारा वाजता? शेवटी अख्खा सेट बदलला. तेव्हा तारीख, वेळ आणि सही, तिन्ही लिहा, आणि वेगवेगळ्या नळ्या चालू असतील तर औषधाचं नाव पेशंटच्या बाजूच्या टोकालाही चिकटवा.

बदलताना हात धुवा, नवीन सेटचा रोलर क्लॅम्प आधी बंद करा (हा विसरला की चेंबर भरायच्या आधीच पाणी खाली धावतं आणि नळीत हवेचे बुडबुडे अडकतात), स्पाइक (सेटचं अणकुचीदार टोक) कशालाही न लावता बॅगेत घाला, चेंबर दाबून अर्धा भरा, मग हळूहळू नळी भरून हवा काढा, वाय-पोर्ट उलटा धरून टिचकी मारली की तिथले बुडबुडे निघतात. हब अल्कोहोलने १५ सेकंद घासायचं आणि वाळू द्यायचं, फुंकर मारून नाही. सेंट्रल लाइन असेल तर सोडण्याआधी लाइनचा क्लॅम्प लागलाय ना ते बघा, नाहीतर हवा आत ओढली जाते. नॉरॲड (बीपी टिकवून ठेवणारं औषध) चालू असलेल्या पेशंटचं सगळं नवीन भरून दुसऱ्या पंपावर तयार ठेवा मगच जुनं काढा, तेवढ्या मिनिटभरात बीपी कोसळतं. जोडून झालं की बॅगेपासून कॅन्युलापर्यंत नळी बोटाने धरत या, रेट परत एकदा बघा, आणि पाचेक मिनिटांनी येऊन हात सुजला नाहीये ना तेही बघून जा.