रीफ टँकमध्ये या चुका टाळा: कोरल बिघडला की आधी हात आवरा

रीफ टँकमध्ये, म्हणजे कोरल (प्रवाळ) वाढवायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, कोरल मिटला, रंग उतरला की हात लगेच बाटलीकडे जातो. थोडं कॅल्शियम, थोडं बफर (कार्बोनेट वाढवणारं द्रावण), जमलंच तर पाणीही बदलून टाकू. टँक हाताबाहेर जातो तो बहुतेक वेळा इथूनच. चढउतार किती होतो याचं कोरलला जेवढं वावडं असतं, तेवढं एखादा आकडा थोडा कमी-जास्त असण्याचं नसतं. आल्कलिनिटी (पाण्यातला कार्बोनेटचा साठा, तो डीकेएच या एककात मोजतात) कायम 7.5 डीकेएचवर असलेला टँक छान चालतो. तीच आज 7, उद्या 10 आणि परवा 8 झाली, तर ॲक्रोपोरासारखा नाजूक कोरल तग धरत नाही.

म्हणून काहीही ओतण्याआधी कोरल नीट बघा. तो पांढरा पडलाय, पण सांगाड्यावरचा मांसल थर शाबूत आहे, पॉलिप (कोरलचे इवले तंतूवाले जीव) अजून बाहेर येतात? मग ते ब्लीचिंग आहे. आतलं सूक्ष्म शैवाल निघून गेलंय. बहुतेक वेळा नवा, तीव्र प्रकाश किंवा वाढलेलं तापमान हे त्याचं कारण असतं. असा कोरल सावलीत हलवला आणि त्याला थोडं खाणं दिलं तर तो सावरू शकतो. पण बुडाकडून थर सुटून सांगाडा उघडा पडत असेल, तर प्रकाशाशी झटापट करण्यात अर्थ नाही. आधी आल्कलिनिटी आणि क्षारता मोजा. रंग नुसताच तपकिरी झाला असेल तर प्रकाश कमी पडतोय किंवा नायट्रेट-फॉस्फेट जास्त झालंय. त्यासाठी रात्री जागायचं कारण नाही.

क्षारतेचा घोळ

बाष्पीभवनात उडतं ते फक्त पाणी, मीठ टँकमध्येच राहतं. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी भर घालताना खारं पाणी ओतणारे भेटतात. 200 लिटरमधलं 10 लिटर पाणी उडालं तर 35 पीपीटीची (हजार भागांत 35 भाग मीठ) क्षारता जवळपास 37 होते. रोजची तूट आरओडीआयच्या (गाळून क्षार काढलेल्या) गोड्या पाण्याने, थोडी थोडी करून भरा. उडालेलं पाणी आपोआप भरणारं ऑटो टॉप-ऑफ हे मला या छंदातलं सर्वांत उपयोगी यंत्र वाटतं, महागड्या लाइटच्याही आधी घ्यावं असं. नळाचं पाणी वापरू नका. त्यातून फॉस्फेट, सिलिकेट आणि कधी कधी तांबंही येतं. अपृष्ठवंशी जिवांना तांबं अगदी थोडं असलं तरी घातक ठरतं.

मोजण्याचं साधनही तपासा. क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर शून्याला जुळवला तरी 35 च्या आसपास चुकू शकतो. तो 35 पीपीटीच्या कॅलिब्रेशन द्रावणानेच जुळवा.

आल्कलिनिटी आणि कॅल्शियम

दगडी कोरल सांगाडा घडवताना दोन्ही वापरतात, पण त्याचं प्रमाण लक्षात ठेवण्यासारखं आहे. 20 पीपीएम (दशलक्षात 20 भाग) कॅल्शियम खर्ची पडतं तेव्हा साधारण 2.8 डीकेएच आल्कलिनिटी संपते. 420 मधून 20 गेले तर टेस्ट किटवर धड कळतही नाही. पण 8 मधून 2.8 जाणं म्हणजे एक तृतीयांश साठाच गेला. म्हणून 'कॅल्शियम तर बरोबर आहे' यावर विसंबू नका. आल्कलिनिटी मोजा, आणि रोज एकाच वेळी मोजा, कारण दिवे चालू असताना तिचा खप जास्त असतो. ती घसरलेली दिसली तर दिवसाला 1 डीकेएचपेक्षा जास्त वाढवू नका, मग किट काहीही दाखवो. आकडा फारच विचित्र आला तर किटची मुदत बघा आणि दुसऱ्या किटने खात्री करा.

दोन्ही द्रावणं एकाच जागी, एकापाठोपाठ ओतली तर पाणी दुधाळ होतं. तो कॅल्शियम कार्बोनेटचा साका असतो आणि तो पंप आणि हीटरवर चिकटतो. दोन डोसमध्ये अंतर ठेवा आणि पाण्याचा प्रवाह जोरदार असेल तिथेच टाका. सगळं नीट करूनही दोन्ही आकडे टिकत नसतील तर मॅग्नेशियम तपासा. ते 1250 ते 1350 पीपीएमच्या दरम्यान हवं, त्याखाली गेलं की साका लवकर बसायला लागतो.

अति स्वच्छ पाणी

ही चूक मेहनती लोकच जास्त करतात. मोठा स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), फॉस्फेट शोषणारं माध्यम, सतत पाणी बदलणं, आणि मग नायट्रेट-फॉस्फेट शून्य आल्याचा आनंद. त्यानंतर वाळूवर तपकिरी, शेंबडासारखे तंतू दिसू लागतात. त्यात बुडबुडे अडकलेले असतात. दिवे लागले की ते पसरतात, रात्री कमी होतात. हे डायनोफ्लॅजेलेट (एक प्रकारचे सूक्ष्म जीव) असण्याची शक्यता मोठी. इथे आणखी पाणी बदललं तर त्यांचंच फावतं. नायट्रेट 2 ते 10 आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएमच्या दरम्यान हळूहळू आणा. नव्या टँकमधला पहिल्या काही आठवड्यांचा तपकिरी थर मात्र बहुधा डायटम या सूक्ष्म शैवालाचा असतो, तो आपोआप जातो.

थोडक्यात आणखी काही

नवा कोरल आणला की डिप करा (कीड काढणाऱ्या द्रावणात बुडवा), बुडाला अंडी आहेत का ते बघा आणि काही दिवस कमी प्रकाशात ठेवा. युफिलिया आणि गॅलेक्सिया हे कोरल रात्री लांब दंशतंतू सोडतात, शेजारी मोकळी जागा हवीच. माशांना तांब्याचं औषध द्यायचं असेल तर वेगळ्या टँकमध्येच द्या. वीज गेली तर सर्वांत आधी ऑक्सिजन कमी होतो, म्हणून बॅटरीवरचा एअर पंप हाताशी हवा.

आणि एक चूक अशी आहे की तिने टँक नव्हे, माणूसच धोक्यात येतो. झोआंथस किंवा पॅलिथोआ हे कोरलसारखे मऊ जीव असलेला दगड स्वच्छ करायला कधीही उकळू नका, गरम पाणीही ओतू नका. काही जातींमध्ये पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असतं, आणि वाफेबरोबर ते श्वासात जाऊन घरातली माणसं गंभीर आजारी पडली आहेत. दगड घासताना हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवा. असं काम केल्यावर तोंडात धातूसारखी चव, थंडी-ताप किंवा धाप जाणवली तर घरातल्या सगळ्यांना आणि पाळीव प्राण्यांना लगेच बाहेर काढा, आणि दवाखान्यात पॅलिटॉक्सिनचं नाव घेऊन काय झालं ते सांगा.