ट्रॅम्पोलिनखालचं गवत कापताना: नवीन घर घेतलेल्यांसाठी

अमेरिकेत बॅकयार्डवालं घर घेतलं की उघड्यावरचं गवत कापणं दोन आठवड्यांत जमून जातं. अडतं ते ट्रॅम्पोलिन, पिकनिक टेबल आणि लोंबत्या फांद्यांखाली. आणि नेमके तिथेच लोक शॉर्टकट शोधतात.

आधी टेप आणा. जमिनीपासून मॉवरच्या (गवत कापायच्या यंत्राच्या) इंजिनाच्या माथ्यापर्यंतचं माप घ्या (ढकलायच्या पेट्रोल मॉवरवर हे दीड फुटाच्या आसपास भरतं), मग हँडलपर्यंतचं, साधारण ४० इंच. मॉवरची कापायची उंची २ वरून साडेतीन इंचांवर नेली की इंजिनही दीड इंच वर येतं. मग आधी बेंचखालून जाणारा मॉवर आता आपटतो, आणि बहुतेक वेळा मार बसतो तो पुढे डोकावणाऱ्या स्पार्क प्लगला. त्याचं पांढरं चिनी मातीचं आवरण तडकलं की इंजिन अडखळतं, आणि माणूस उगाच कार्बोरेटर उघडत बसतो.

आता खरा सापळा. हँडलजवळचा जो बार धरून ठेवावा लागतो, तो सोडला की पातं ३ सेकंदांत थांबलंच पाहिजे, असा नियम अमेरिकेत १९८२ पासून आहे. बऱ्याच मॉवरवर हा बार हँडलच्या पुढे असतो आणि आपल्याकडे ओढून धरायचा असतो. मॉवर ट्रॅम्पोलिनखाली रेटत नेला की फ्रेमचा पाइप त्याच बारला समोरून लागतो आणि त्याला हँडलवर दाबून धरतो. तुम्ही हात सोडता, पातं फिरतच राहतं. बोटं पाइप आणि हँडलच्या मध्ये सापडली, तर दुखणारा हातच बार दाबून ठेवतो. मॉवर सेल्फ-प्रोपेल्ड (इंजिनानेच चाकं फिरणारा) असेल तर तो शिवाय आणखी पुढे रेटतो. म्हणून चाकांचा ड्राइव्ह बाहेर असतानाच बंद करा, मॉवर हाताने ढकला, आणि हँडल फ्रेमपासून वीतभर लांब असतानाच थांबा. मागे ओढण्याआधी बार सोडा, पातं थांबू द्या. चालू मॉवर स्वतःच्या पायांकडे ओढायचा नाही.

बार दोरीने बांधून, हँडल दुमडून मॉवर आत सोडण्याची युक्ती कुणी ना कुणी सांगतोच. सांगणारा वीस वर्षं लॉन सांभाळत असला तरी त्याच्याकडून हे काम शिकू नका. हँडल खाली दाबून पुढची चाकं उचलणंही तसंच: पातं समोरून उघडं पडतं आणि खडे उडतात.

घाबरण्यासारखं काही नाही, हिशोब सोपा आहे. फ्रेम तीन फूट उंच असेल तर मॉवर चारेक फूट आत जातो. १४ फुटी ट्रॅम्पोलिनला चारही बाजूंनी असं कापलं की मधे सहा फुटांचा गोल उरतो. तो मॉवरने कापायचा हट्ट सोडा. लांब दांड्याच्या ट्रिमरने (फिरत्या दोरीने गवत कापणाऱ्या यंत्राने) तो निघतो. मुलं तेवढी वरून उतरवा. उडी मारली की जाळी खाली झुकते.

ट्रॅम्पोलिनच सरकवायचा असेल तर आधी जमिनीतल्या खुंट्या काढा. उचलताना पाय सॉकेटमधून निसटतात, म्हणून चौघं लागतात आणि उचलण्यापेक्षा घसरवलेला बरा. सावलीतलं गवत विरळ आणि लांबट वाढतं. ते एका वेळी एक-तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. ओलं असताना तर नकोच, मॉवरच्या डेकखाली (पात्यावरच्या झाकणाखाली) गोळे होऊन बसतात. ते काढताना प्लगची वायर आधी सोडवा आणि एअर फिल्टर वर राहील असाच मॉवर कलवा, नाहीतर ऑइल फिल्टरमध्ये उतरतं.

फांद्यांखाली गॉगल घाला. माझं स्पष्ट मत: स्प्रूससारख्या जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या झाडाखाली गवत ठेवूच नये. ते काढून दोन-तीन इंच मल्च (झाडांच्या साली-ढलप्यांचा थर) घाला, खोडाभोवती काही इंच जागा मोकळी सोडून.