अॅडजस्टेबल ड्रेसाज सॅडल घेताय? या चुका टाळा

पोळ्याच्या आदल्या दिवशी शेजारच्या वावरातले काका बैलजोडीची खांदमळणी आटोपून, हळद-लोण्याच्या हातानेच आमच्या तबेल्याकडे आले. मी आमच्या कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी घोडीवरून नुकतंच सॅडल, म्हणजे खोगीर, उतरवलं होतं. काकांनी तिच्या पाठीवरून सवयीने हात फिरवला आणि मानेच्या बुडाशी, उंचवट्याखाली येऊन थांबले. म्हणाले, "भाऊ, हिच्या पाठीले खोगीर लागून राह्यलं ना! बैलाचा खांदा आला त आमी जू ठेवत नाही. तुमी काहून बसून राह्यले?"

तिथे दोन्ही बाजूंना रुपयाएवढे पांढऱ्या केसांचे ठिपके होते. ते मी महिनाभर पाहत होतो आणि तिचा रंगच तसा असेल म्हणून सोडून देत होतो. खोगीर साधंसुधं नव्हतं. चांगलं महागाचं, ड्रेसाजचं आणि अॅडजस्टेबल होतं. ड्रेसाज म्हणजे घोड्याकडून ठरावीक चाली सफाईने करून घ्यायचा घोडेस्वारीचा खेळ. ते बसलंय की नाही हे पाहायची गरजच मला वाटली नव्हती, कारण 'अॅडजस्टेबल' या शब्दावर मी विसंबलो होतो.

चीनमधल्या हांगझोच्या आशियाई स्पर्धेत २६ सप्टेंबर २०२३ ला भारताने ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकलं. चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता. घोडेस्वारीतलं सुवर्ण १९८२ नंतर पहिल्यांदाच आलं. तेव्हापासून आमच्यासारख्या आडगावच्या तबेल्यातही पालक विचारतात, "पोरीसाठी ड्रेसाजचं सॅडल कोणतं घ्यावं?" अडचण अशी की हा खेळ युरोपातल्या वॉर्मब्लड घोड्यांचा. रुंद पाठ, भरलेलं अंग. बाजारातली बहुतेक ड्रेसाज सॅडल त्याच पाठी डोळ्यांपुढे ठेवून बनतात. आपल्याकडे असतो मारवाडी, काठियावाडी, नाहीतर मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सवरून निवृत्त झालेला थरोब्रेड. यांची पाठ अरुंद, आणि थरोब्रेडची मदार तर छपराच्या आढ्यासारखी वर आलेली. मदार म्हणजे मान संपते तिथला पाठीवरचा उंचवटा. रायडिंग क्लबात त्याला विदर्स म्हणतात.

अॅडजस्टेबल म्हणजे सगळ्या घोड्यांना बसणारं, हा समज

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलतो.

सॅडलच्या पोटात एक सांगाडा असतो, त्याला ट्री म्हणतात. त्याच्या पुढच्या तोंडाशी धातूची कमान असते, ती गलेट प्लेट. अॅडजस्टेबल सॅडलमध्ये बहुतेक वेळा फक्त ही कमान बदलते. अरुंद काढून रुंद घातली की पुढचं तोंड उघडतं. सांगाड्याची लांबी, त्याचा बाक, खालच्या गाद्यांचा म्हणजे पॅनेलचा आकार, यातलं काहीही बदलत नाही. शर्टाची कॉलर सैल केली म्हणून बाही लांब होत नाही. घोड्याची पाठ मधे खोलगट असेल आणि ट्री सपाट असेल, तर खोगीर फक्त पुढे आणि मागे टेकतं, मधे पूल तयार होतो. पाठ सपाट आणि ट्री बाकदार असेल, तर ते आरामखुर्चीसारखं डोलतं. हे दोन्ही दोष कोणतीही कमान घालून जात नाहीत. असं सॅडल परत करायचं, विषय संपला.

आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. कमान बदलली की खोगिराचा तोलही बदलतो. अरुंद कमान घातली की पुढचा भाग उचलला जातो आणि स्वार मागे कलतो. रुंद घातली की पुढचा भाग मदारीवर बसतो. म्हणून दरवेळी कमान बदलल्यावर खोगीर उघड्या पाठीवर ठेवून बाजूने पाहा. बसायच्या जागेवर एक गोल पेन्सिल आडवी सोडा, ती घरंगळत जिथे थांबेल तो सगळ्यात खोल भाग. तो बैठकीच्या साधारण मधोमध हवा. पेन्सिल मागच्या काठाशी जाऊन थांबली, तर पोर कितीही सरळ बसायला बघेल, पाय पुढे आणि कंबर मागे असंच बसणार. मग मास्तर तिच्यावर ओरडणार. मीही ओरडलोय.

माझ्या मते अॅडजस्टेबलचा खरा उपयोग एकाच घोड्याच्या बदलत्या पाठीसाठी आहे. रेसकोर्सवरून आलेला थरोब्रेड सुरुवातीला नुसता सापळा दिसतो. सहा-आठ महिने नीट खाणं आणि नीट काम मिळालं की मदारीच्या दोन्ही बाजू भरतात. विदर्भात ऋतूही पाठ बदलवतो. पावसाळ्यात हिरवा चारा असतो, दिवाळीपर्यंत घोडं गोल होतं. मे महिन्यात कुटारावर आणि पंचेचाळीसच्या उन्हात तेच घोडं उतरतं. या चढ-उतारासाठी कमान बदलता येणं हे वरदान आहे. तबेल्यातल्या पाच घोड्यांना मिळून एक खोगीर घ्यायचं असेल, तर मात्र आधी पाचही पाठी साधारण एका आकाराच्या आहेत का ते बघा. सहसा नसतात.

खरेदीआधी हेही विचारा की कमान बदलते कशी. काही सॅडलमध्ये पुढची गादी मोकळी करून दोन-चार स्क्रू काढले की घरीच बदलते. काहींची कमान कारखान्यातल्या यंत्रात दाबून रुंद-अरुंद करावी लागते. दुसरा प्रकार उत्तम असेलही, पण यवतमाळ-वाशिमच्या माणसाला तो पाठवायचा कुठे? घरी बदलताना दोन्ही बाजूंचे स्क्रू पक्के बसले का ते दोनदा बघा. एक बाजू सैल राहिली तर पाठीवर दाब तिरका पडतो.

मीडियम म्हणजे मीडियम, हे धरून चालणं

कमानीच्या रुंदीत एका कंपनीचा मीडियम दुसरीचा नॅरो असू शकतो. कमान कुठून कुठपर्यंत मोजायची यावरच एकमत नाही. त्यामुळे लेबल बाजूला ठेवा आणि घोड्याच्या पाठीचा साचा काढा. नागपुरात स्टेशनरीच्या मोठ्या दुकानात वाकणारी पट्टी मिळते, फ्लेक्सिबल कर्व्ह, इंजिनीअरिंगची पोरं वापरतात ती. नाही मिळाली तर विहिरीच्या मोटरच्या जाड वायरचा दोन फुटांचा तुकडाही चालतो.

घोडं सपाट जमिनीवर चारही पायांवर सारखं उभं करा, मान ना फार वर ना खाली. पहिला साचा फऱ्याच्या, म्हणजे खांद्याच्या पात्याच्या मागे दोन-तीन बोटं सोडून. दुसरा पाठीच्या सगळ्यात खोल जागी. तिसरा शेवटच्या बरगडीच्या आसपास. वायर पाठीवर दाबून बसवायची, अलगद उचलायची, पुठ्ठ्यावर ठेवून रेघ मारायची. डावी बाजू, उजवी बाजू आणि तारीख लिहायला विसरू नका. बहुतेक घोड्यांच्या दोन बाजू सारख्या नसतात, हे पहिल्यांदा कागदावर दिसतं. पहिला पुठ्ठा कापून दुकानात नेला आणि सॅडलच्या तोंडात धरला की कळतं की कमानीच्या दोन्ही टोकांचा उतार पाठीच्या उताराशी समांतर आहे की नाही. दर दोन-तीन महिन्यांनी नवा साचा काढून जुन्यावर ठेवून बघा. कमान कधी बदलायची ते तिथेच समजतं.

खोगीर फार पुढे ठेवणं

आपल्याकडे मदारीवर चढवून खोगीर कसायची सवय आहे. पुढचा पाय पुढे जातो तेव्हा फऱ्याचं वरचं टोक मागे येतं. त्याच्यावर कमानीची टोकं बसली असतील तर प्रत्येक पावलाला हाड आणि धातू यांची गाठ पडते. मग घोडं पाऊलच लहान टाकतं, आणि आपण म्हणतो, 'आळशी आहे.' खोगीर थोडं पुढे ठेवून मागे सरकवा, ते जिथे आपसूक अडतं तीच त्याची जागा. कमानीची टोकं फऱ्याच्या मागे हवीत. मागची हद्दही पाळायची आहे. घोड्याला बरगड्यांच्या १८ जोड्या असतात. शेवटची बरगडी खालून वर चाचपत कण्यापर्यंत न्या, गाद्या त्याच्या पलीकडे जाता कामा नयेत. तिथून पुढे कंबर, आणि कंबरेने ओझं पेलायचं नसतं.

तंगाकडेही, म्हणजे पोटाखालून खोगीर कसायच्या पट्ट्याकडेही बघा. ड्रेसाजचा तंग आखूड असतो आणि बकल खाली, घोड्याच्या कोपरापाशी येतात. तंग फार आखूड घेतला तर बकल कोपराला घासतात. काही घोड्यांची तंग बसायची नैसर्गिक खाच बरीच पुढे असते. तिथे तंग आपल्या खाचेकडे धावतो आणि खोगीर पुढे ओढतो. अशा घोड्यासाठी तंगाचे पट्टे बांधायच्या एकाहून अधिक जागा असलेलं सॅडल बघा.

खोगीरभरती

हा शब्द आपल्या भाषेत उगाच आलेला नाही. खोगीर बसत नाही म्हणून खाली जाड पॅड, त्याखाली फोम, वर घोंगडी! अरुंद बुटात दोन जोड मोजे घातल्यासारखं हे होतं. अरुंद खोगिराखाली जाडी वाढवली की ते आणखी अरुंद होतं. माझ्या कुमैत घोडीचे ठिपके याच भरतीने आले. आधीच्या मालकाने घातलेली अरुंद कमान तशीच होती, आणि मी 'पाठीला मऊ लागेल' म्हणून वर इंचभर फोम टाकला. त्या केसांचा रंग बहुधा परत येत नाही, तिचाही आला नाही.

पॅडचा उपयोग आहे, पण थोडा आणि तात्पुरता. खोगीर अंमळ रुंद असेल आणि पाठ भरायची वाट बघत असाल, तर पातळ शिम, म्हणजे पॅडमध्ये सरकवायच्या चकत्या, चालतात. गाद्यांत लोकर भरलेली असेल तर कारागीर ती कमी-जास्त करू शकतो. लोकरीऐवजी हवा भरलेल्या पॅनेलमध्ये मात्र आपल्या गावच्या मोच्याला सुई घालू देऊ नका, ते संपलंच.

पोरीसाठी 'वाढत्या अंगाचं' घेणं

शाळेच्या गणवेशाला हे चालतं. सॅडलला चालत नाही. बैठक १६.५, १७, १७.५, १८ इंच अशा मापात येते. लोक कमरेवरून माप ठरवतात, पण मांडीची लांबी जास्त महत्त्वाची. पोर बसल्यावर तिच्या मागे साधारण तळहाताएवढी जागा उरावी. ड्रेसाजमध्ये रिकीब लांब ठेवतात, पाय खाली सोडलेला असतो, म्हणून फ्लॅप, म्हणजे स्वाराच्या पायाखाली येणारा बाजूचा चामड्याचा पडदा, लांब आणि सरळ. गुडघा फ्लॅपच्या पुढे गेला तर फ्लॅप चुकलाय. बाजूने बघताना कान, कुल्ला आणि टाच एका ओळीत यायला हवेत.

स्वाराला मोठी बैठक लागते आणि घोड्याची पाठ आखूड आहे, असं झालं तर? मारवाडी-काठियावाडीत असं होऊ शकतं. तेव्हा घोड्याचं ऐकायचं. मागे वर वळलेल्या गाद्यांचं सॅडल शोधा, तेही जमत नसेल तर त्या स्वारासाठी दुसरं घोडं बघा. आणि गुडघ्यापुढचे ते मोठाले ब्लॉक मला अजिबात आवडत नाहीत. शिकणाऱ्या पोराला ते धरून ठेवतात, तोल शिकवत नाहीत. हे माझं मत आहे. काही शिक्षक भांडतात, भांडू द्या.

नुसतं ठेवून पाहणं

दुकानात लाकडी घोडीवर सगळीच खोगिरं सुंदर दिसतात. पाहायचं ते स्वार बसवून. मदार आणि कमान यांच्यात स्वार बसल्यावरही दोन-तीन बोटं जागा हवी, वरच नाही, बाजूंनाही. मधल्या खोबणीत, पुढून मागेपर्यंत, तीन-चार बोटं रुंदी हवी, कारण खाली कणा आहे.

मग अर्धा तास काम करून घामाचा नकाशा वाचा. आपल्याकडे घाम यायला कष्ट लागत नाहीत, एप्रिल-मेमध्ये तर पहाटेच उरकून घ्या. खोगीर उतरवल्यावर गाद्यांखाली दोन्ही बाजूंना सारखा ओला पट्टा आणि मधे कण्यावर कोरडी रेघ दिसली तर ठीक. ओल्या पट्ट्याच्या मधे पुढच्या टोकाशी लहान कोरडा डाग असेल आणि तिथले केस विस्कटले असतील, तर तिथे दाब आहे. पाठीच्या मधल्या भागात दोन्हीकडे मोठा कोरडा पट्टा असेल, तर बहुधा पूल झालाय, गादी तिथे टेकतच नाही. दोन्ही डाग कोरडेच, कारणं उलटी. म्हणून घामासोबत हातही वापरा. दुसऱ्या दिवशी बोटांनी पाठ दाबत जा, घोडं कुठे दबतं, कुठे कातडी थरथरवतं, ते लिहून ठेवा.

सगळं बरोबर आणि तरी खोगीर एका बाजूला सरकतंय, असंही होतं. लोक लगेच कमान काढायला घेतात. आधी स्वाराला बदलून बघा. तरीही त्याच बाजूला गेलं तर घोड्याचे मागचे पाय तपासून घ्या, कारण मागच्या पायाचा लपलेला लंगडेपणा खोगीर सरकवतो. तंग कसताना चावायला येणारं घोडंही दरवेळी खोगिराविषयीच बोलत नसतं, पोटात अल्सर असू शकतो. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंतचा एक फेरा नव्या सॅडलपेक्षा स्वस्त पडतो.

जुनं सॅडल घेताना आणखी एक बघा. पुढचा भाग पोटाला टेकवून मागचा काठ दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढा. जराशी लवचीकता ठीक आहे. करकर आवाज आला, बैठकीवर आडव्या सुरकुत्या पडल्या, किंवा एकच बाजू जास्त वाकली, तर ट्री मोडलेला असू शकतो, पैसे खिशात ठेवा. माल परत घेण्याची बोली मात्र नवं असो की जुनं, आधीच करून घ्यायची. मला विकणाऱ्याने आधी हो म्हटलं आणि नंतर फोनच उचलला नाही.

ते महागाचं खोगीर आता रुंद कमान घालून आमच्या दुसऱ्या घोड्यावर मजेत चालतं. कुमैत घोडीसाठी मी तीन पुठ्ठे कानपूरच्या एका कारागिराला पाठवले. त्याने लोकरीच्या गाद्यांचं, कमान न बदलणारं साधं ड्रेसाज सॅडल करून दिलं. वर्षातून दोनदा लोकर कमी-जास्त करतो, बाकी काही नाही. नवे ठिपके आलेले नाहीत.