विंडो मॅनेजर कुठला घ्यावा? आधी स्क्रीनची रुंदी बघा

एकीकडे पीडीएफ, दुसरीकडे एक्सेल, मधेच व्हॉट्सअ‍ॅप, आणि सारखं माउसने खिडक्यांचे कोपरे ओढत बसायचं, हे रोजचं असेल तर काहीतरी सोय कराच, खिडक्या नीट मांडून देणाऱ्या अ‍ॅपला विंडो मॅनेजर म्हणतात, पण अ‍ॅप शोधायच्या आधी स्क्रीन किती रुंद आहे ते बघा, निम्मा निर्णय तिथेच होतो. लॅपटॉप 1366 पिक्सेलचा असेल तर अर्धी खिडकी म्हणजे 683, त्यात वेबसाइट पण धड मावत नाही, मग कुठलंही अ‍ॅप टाका, जागा वाढणार नाहीये. तिथे व्हर्च्युअल डेस्कटॉप वापरा, म्हणजे एकाच स्क्रीनवर आलटून पालटून दिसणारे वेगवेगळे डेस्कटॉप, विंडोजवर विन (विंडोज की)+कंट्रोल+डी ने नवा उघडतो आणि विन+कंट्रोल+बाण दाबून इकडून तिकडे जाता येतं, खरंच पुरतं तेवढं.

1920 वाल्यांना अर्धं-अर्धं मस्त बसतं आणि त्यासाठी काही टाकायची गरज नाही. विंडोज 11 मधे विन+झेड दाबा, लेआउट म्हणजे खिडक्यांच्या मांडणीचे पर्याय समोर येतात. मॅकवर 2024 च्या सिकोइया या मॅकओएस आवृत्तीपासून खिडकी कडेला ओढली की अर्धी होते, दोन खिडक्यांमधे फट राहते ती डेस्कटॉप अँड डॉकच्या सेटिंगमधून बंद करा. आठवडाभर एवढ्यावर काम करून बघा आणि नेमकं कुठे अडतंय ते कळू द्या.

बहुतेकांचं अडतं ते मोठ्या मॉनिटरवर. 3440 पिक्सेलच्या अल्ट्रावाइडवर, म्हणजे खूप रुंद मॉनिटरवर, अर्धी खिडकी फार रुंद होते, तिथे मधला भाग मोठा आणि दोन्ही बाजूंना अरुंद पट्ट्या असं हवं असतं. विंडोजवर यासाठी माझं मत सरळ फॅन्सीझोन्सला, मायक्रोसॉफ्टच्याच पॉवरटॉइज नावाच्या टूल्सच्या संचामधे आहे, फुकट आहे, झोन म्हणजे स्क्रीनचे भाग आपल्या मापाने आखायचे आणि शिफ्ट धरून खिडकी ओढून सोडायची, शिवाय प्रत्येक मॉनिटरला वेगळा लेआउट देता येतो. मॅकवर रेक्टँगल घ्या, तेही फुकट आणि ओपन सोर्स, कंट्रोल+ऑप्शन+डी, एफ, जी ने स्क्रीनचे तीन भाग मिळतात. पैसे देऊन मॅग्नेट, मूम आहेत, चांगले आहेत, पण आधी रेक्टँगल वापरा आणि कमी पडलं तरच खिशात हात घाला. मॅकवर असलं अ‍ॅप अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी मागतंच, त्याशिवाय दुसऱ्या अ‍ॅपच्या खिडक्या हलवता येत नाहीत, आणि ही परवानगी मोठी असते म्हणून कोणाचंही अनोळखी अ‍ॅप उचलून टाकू नका.

खिडक्या आपोआप रचून देणारे टायलिंगवाले, म्हणजे लिनक्सवर आय3, विंडोजवर ग्लेझडब्ल्यूएम, मॅकवर एरोस्पेस, हे दिवसभर कीबोर्डवरच हात असणाऱ्यांसाठी. सेटिंग फाइलमधे लिहून करावं लागतं, शॉर्टकट हातात बसायला वेळ लागतो. मॅकवरच्याच याबाई या दुसऱ्या टायलिंगवाल्याच्या काही सोयींसाठी सिस्टिमचं संरक्षण थोडं बंद करावं लागतं, ऑफिसच्या मशीनवर ते अजिबात करू नका, एरोस्पेसला त्याची गरज लागत नाही.

आणि मराठी टाइप करत असाल तर शॉर्टकट ठरवताना जरा जपून. विंडोजवर ऑल्टजीआर (उजवी ऑल्ट की) म्हणजे कंट्रोल+ऑल्टच, आणि इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डमधे रुपयाचं चिन्ह ऑल्टजीआर+4 ने येतं, तेव्हा कंट्रोल+ऑल्ट+4 खिडकीला देऊन टाकलंत तर बिलं करताना ते चिन्ह उमटणार नाही. ऑल्ट+शिफ्टने बऱ्याच जणांकडे भाषा बदलते, तेही सोडा, विन कीची एखादी मोकळी जोडी शोधा.