माळकरी म्हणजे असेटिक नव्हे: श्रद्धा आणि राहणीच्या इंग्रजी शब्दांतील या चुका टाळा

सोलापूरच्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांच्या वह्यांत माणसाची श्रद्धा आणि राहणी सांगणारे इंग्रजी शब्द बहुधा दोन रकान्यांत उतरवलेले असतात: डावीकडे शब्द, उजवीकडे एकच मराठी अर्थ. बहुतेक चुकांचे मूळ या उजव्या रकान्यात आहे.

‘एथिस्ट’ आणि ‘अ‍ॅग्नॉस्टिक’ या दोन्ही शब्दांपुढे ‘नास्तिक’ एवढेच लिहिले जाते. वास्तविक ईश्वराचे अस्तित्व न मानणारा तो एथिस्ट. ईश्वर आहे की नाही हे कळणेच शक्य नाही असे म्हणणारा तो अ‍ॅग्नॉस्टिक, म्हणजे अज्ञेयवादी. आपली ही भूमिका सांगण्यासाठी इंग्रज जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्स्ले यांनी १८६९ मध्ये हा शब्द घडवला.

आहाराच्या शब्दांत घोटाळा याहून मोठा होतो. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात असल्याने गळ्यात तुळशीची माळ असलेले आजोबा येथे घरोघरी भेटतात. ते मांस-मद्याला शिवत नाहीत, म्हणून त्यांना व्हेजिटेरियन आणि टीटोटलर हे दोन्ही शब्द लागू पडतात. परंतु ताकाशिवाय ज्यांचे जेवण पुरे होत नाही त्यांना व्हीगन म्हणता येणार नाही, कारण १९४४ मध्ये इंग्लंडात तयार झालेला हा शब्द दूध-तूपही वर्ज्य करणाऱ्यांसाठी आहे. त्यांना असेटिक म्हणणे ही तर मला सर्वांत खटकणारी चूक वाटते. असेटिक देहसुखाचा कठोर त्याग करतो. माळकरी प्रपंच सांभाळून वारीला जातो.

‘आय अ‍ॅम प्युअर व्हेज’ हे वाक्यही टाळावे. ‘आय अ‍ॅम अ व्हेजिटेरियन’ म्हणावे, आणि परदेशात अंडी खाणारेही स्वतःला व्हेजिटेरियन म्हणवतात, त्यामुळे अंडे चालत नसल्यास तसे वेगळे सांगावे.

‘परोपकारी’ या एका अर्थाखाली आल्ट्रुइस्ट आणि फिलॅन्थ्रॉपिस्ट एकत्र कोंबले जातात. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकासोबत चीनला गेले आणि जखमी सैनिकांची सेवा करीत असतानाच १९४२ मध्ये तेथे निवर्तले. त्यांना आल्ट्रुइस्ट, म्हणजे स्वार्थ न पाहता दुसऱ्यांसाठी झटणारा, हाच शब्द शोभतो. फिलॅन्थ्रॉपिस्ट म्हटले की लोककार्याला मोठ्या देणग्या देणारा धनिक डोळ्यांसमोर येतो. सेलिबेट म्हणजेही नुसता अविवाहित नव्हे, तर ब्रह्मचर्य पाळणारा.

इतके करूनही शब्द एकमेकांत मिसळत असतील, तर उजवा रकाना खोडावा आणि तेथे ओळखीच्या माणसाविषयी असे वाक्य लिहावे, ज्यात एक शब्द लागू पडतो आणि दुसरा पडत नाही: ‘माय ग्रँडफादर इज अ टीटोटलर, बट ही इज नॉट अ‍ॅन असेटिक.’